पॅड उखडतात म्हणून नवीन स्टेशन घ्यायचं? पेठेतल्या एका पीसीबी दुरुस्ती दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. ओळख पटू नये म्हणून जागेचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांची सुरुवात टीव्ही दुरुस्तीने झाली. पिक्चर ट्यूब गेली तसं ते कामही आटलं आणि दुकान हळूहळू इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या बोर्डांकडे वळलं. हडपसर, वाघोली, हिंजवडीकडचे एसी मेकॅनिक बोर्ड काढून आणतात, इथे दुरुस्त करून घेतात आणि परत नेऊन बसवतात. मार्च ते जून मान वर करायला फुरसत नसते.

टेबलं दोन. एकावर मामा, काकांबरोबर पहिल्यापासून असलेले कारागीर. दुसऱ्यावर आयटीआय करून आलेला एक पोरगा. मामांकडे जुन्या पद्धतीचं, नॉब फिरवून तापमान लावायचं सोल्डरिंग स्टेशन (सोल्डर, म्हणजे पिना बोर्डाला जोडणारा मिश्रधातू, वितळवायचं यंत्र), आणि शेजारी पंचवीस वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न. पोराने आदल्या हंगामात हट्टाने टी-१२ पद्धतीचं एक स्वस्त स्टेशन ऑनलाइन मागवलेलं. त्यात हीटर आणि सेन्सर दोन्ही बिटाच्या, म्हणजे तापणाऱ्या टोकाच्या, आतच असतात, त्यामुळे ते काही सेकंदांत तापतं. हॉट एअर मशीन दोघांत एक.

भोसरीच्या कारखान्यांमध्ये सोल्डरिंग लाइनच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली. त्या ओळखीतून काकांनी फेब्रुवारीत विचारलं, "हंगामाच्या आत एक भारीतलं स्टेशन घेतो. कुठलं घेऊ तेवढं सांगा."

अडचण

काकांच्या तक्रारी तीन होत्या. बोर्डावरचे पॅड, म्हणजे पिना ज्यांना जोडतात त्या तांब्याच्या टिकल्या, उखडतात. बिट टिकत नाहीत, नवा आणला की महिन्याभरात काळा पडून सोल्डर धरेनासा होतो. आणि दुरुस्त होऊन गेलेले काही बोर्ड वेगळाच दोष घेऊन परत येतात. तिन्हीचं कारण त्यांनी एकच ठरवलं होतं: मशीन जुनी झाली.

कपाटाखाली परत आलेल्या बोर्डांचं खोकं होतं. कुठला बोर्ड कुणी केला हे वहीत नव्हतं, पण तारखेच्या स्टिकरवरचं अक्षर दोघांचं वेगळं होतं. अक्षरावरून दोन ढीग केले तेव्हा चित्र पालटलं. उखडलेले पॅड आणि त्यावर मारलेले जंपर (तारेचे जोड) जवळजवळ सगळे मामांच्या ढिगात. पोराच्या ढिगातले सांधे दिसायला चांगले होते, पॅड शाबूत होते, पण मॉस्फेट या वीज चालू-बंद करणाऱ्या भागाचं गेट (त्याला हुकूम देणारी पिन) शॉर्ट झालेलं, नाहीतर मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या चिपची, एखादी पिन मेलेली. म्हणजे आजार दोन होते. एक मशीन आणून दोन्ही बरे होतील असं मानायला काही आधार नव्हता.

खरेदी थांबवायची की नाही, हा पहिला निर्णय इथे झाला. काकांना ते पटलं नाही, पण "पंधरा दिवस थांबतो" इतकं कबूल केलं.

मामांचं टेबल

मामांच्या स्टेशनचा नॉब कायम साडेचारशेच्या पुढे असायचा. बिट पेन्सिलसारखा टोकदार, स्टेशनबरोबर येतो तोच. थर्मोकपलवाला मीटर लावून टोकावर मोजलं, तर नॉब दाखवत होता त्यापेक्षा तापमान पन्नास-साठ अंशांनी कमी. नट काढून बिट बाहेर घेतला, तेव्हा आतल्या पोकळीत खपल्या धरल्या होत्या आणि नटही सैल होता. या जातीच्या स्टेशनमध्ये सेन्सर हीटरमध्ये असतो, बिट त्यावर टोपीसारखा बसतो. मध्ये खपली किंवा हवा आली की हीटर गरम आणि टोक थंड, आणि स्टेशनला वाटतं सगळं ठीक आहे.

पण खरी गोम टोकाच्या आकारात होती. एसीच्या आउटडोअर बोर्डावर पॉवर मॉड्यूलच्या (कॉम्प्रेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) आणि मोठ्या कपॅसिटरच्या पिना तांब्याच्या रुंद पट्ट्यांना जोडलेल्या असतात. त्या पट्ट्या उष्णता ओढून नेतात. त्यात मूळ सोल्डर बहुतेक वेळा शिसं नसलेलं. युरोपात जुलै २००६ पासून शिशावर बंधनं आली आणि उत्पादकांनी कथील, चांदी, तांब्याचं मिश्रण धरलं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. मामांचा हात बसलेलं ६०/४० चं शिसं-कथील १८३ पासून मऊ व्हायला लागतं. टोकदार बिट पिनेला सुईच्या अग्राएवढ्याच जागेवर टेकतो, तेवढ्यातून जाऊन जाऊन उष्णता किती जाणार?

हे नुसतं सांगून मामांना पटणारं नव्हतं, म्हणून भंगार बोर्डावरच्या ग्राउंडच्या (बोर्डाच्या सामाईक उणे बाजूच्या) एका जाड पिनेवर दोन्ही प्रकार करून पाहिले. टोकदार बिट, नॉब वर चढवलेला: सोल्डर वरून चमकायचं, खालून रवाळ, पिन हलायची पण निघायची नाही. मामांनी सवयीने बिट दाबून थोडी कळ लावली आणि पॅड कडेने वर आला. मग चपटा, पटाशीच्या आकाराचा रुंद बिट, नॉब साडेतीनशेच्या जवळ, पिनेवर आधी थोडं नवं शिसंवालं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन). काही सेकंदांत सगळा थेंब एकजीव होऊन आरशासारखा झाला, पंपाने ओढला आणि भोक स्वच्छ. शंभर अंश कमी तापमानाला.

मामा काही बोलले नाहीत. बिट फिरवून फिरवून पाहत राहिले आणि म्हणाले, "मग हा डब्यात पडून होता तो वर्षभर कशाला?" प्रश्न रास्त होता. रुंद बिट कुणीतरी आणला होता, पण बारीक आयसीला चालत नाही म्हणून बाजूला टाकला होता.

पॅड उखडतो तो जास्त तापमान, जास्त वेळ आणि जोर या तिन्हींच्या बेरजेने. तांब्याला बोर्डाशी धरून ठेवणारं रेझिन तापून सैल पडतं आणि त्याच क्षणी कारागीर पिन उचकटतो.

बिट का मरत होते

बिट आतून तांब्याचा, वरून लोखंडाचा पातळ मुलामा. वितळलेलं कथील तांबं खातं, लोखंडाला फार सावकाश खातं. म्हणून तो मुलामा आहे तोवर बिट आहे. दुकानात बिट काळा पडला की पॉलिश पेपरने घासायचे, कधी कानस. जुन्या, निव्वळ तांब्याच्या बिटांना ते चालायचं, उलट करावंच लागायचं. मामांचा हात त्या काळातला. पोराकडचा एक बिट भिंगाखाली धरला, तेव्हा टोकाच्या जरा मागे बारीक छिद्र आणि आत लालसर पोकळी दिसली. वरचं कवच तसंच, आतलं तांबं कथिलाने खाऊन टाकलेलं.

बिट काळा पडत होता तो मात्र वेगळ्याच कारणाने. आउटडोअर बोर्डावर ओलाव्यापासून संरक्षणाचं कोटिंग असतं, आणि दोघेही ते बिटानेच जाळून पिनेपर्यंत पोचत होते. जळलेलं कोटिंग बिटावर कोळशासारखं बसतं, त्यावर सोल्डर धरत नाही, मग घासा, मग मुलामा गेला, मग नवा बिट. सगळी साखळी कोटिंगपासून सुरू होत होती आणि बोल लागत होता तो बिटाच्या दर्जाला. जळताना येणारा धूरही साधा नाही. पॉलियुरेथेनचं कोटिंग तापवलं की आयसोसायनेट निघू शकतात, आणि ते दम्याला आमंत्रण आहे.

आणखी एक सवय होती. मामा बिट नवसागराच्या वडीवर घासायचे. कसबा पेठेत तांबट आळीच्या आसपास वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. भांड्याला कल्हई करताना नवसागर हवाच, आणि बिटाला सोल्डर चढवणं ही तत्त्वतः कल्हईच आहे. फरक इतकाच की भांडं नंतर धुतलं जातं. बोर्डावर पडलेलं क्लोराइड तसंच राहतं आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ट्रॅकवर हिरवा थर धरतं. परत आलेल्या काही बोर्डांवर तो दिसतही होता. पत्र्याच्या डबीतल्या आम्लवाल्या पेस्टचीही त्याला साथ होती.

पोराचं टेबल आणि भिंतीतला दोष

पोराच्या स्टेशनवर मी सुरुवातीला संशय घेतला, कारण स्वस्त टी-१२ संचांत अर्थची तार आत जोडलेलीच नसते असं अधूनमधून आढळतं. पण प्लगच्या अर्थ पिनेपासून बिटाच्या टोकापर्यंतचा रोध २ ओहमच्या आत आला. कारखान्यात नव्या बिटाला हाच निकष धरतात. स्टेशन निर्दोष होतं.

मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक बिटाला आणि दुसरं एका लांब वायरने खालच्या मीटररूममधल्या अर्थच्या पट्टीला लावलं. आकडा शंभरच्या आसपास थांबला. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे तार नव्हती.

या स्टेशनमध्ये एसएमपीएस, म्हणजे मोबाइल चार्जरच्या जातीचा इलेक्ट्रॉनिक, सप्लाय असतो. त्यात विजेतला गोंगाट दाबायला प्रायमरी (मेन्सकडची बाजू) आणि सेकंडरीच्या (बिटाकडची बाजू) मध्ये एक छोटा वाय कपॅसिटर बसवतात. अर्थ जोडलेलं असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर सगळी सेकंडरी, बिटासकट, मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. करंट इतका थोडा असतो की माणसाला फारतर मुंग्या आल्यासारखं वाटतं. पण मॉस्फेटच्या गेटची सहनशक्ती बहुधा २० व्होल्टच्या आसपास असते. बोर्ड त्याच वेळी दुसऱ्या कशाने, म्हणजे टेस्ट सप्लायने किंवा ऑसिलोस्कोपच्या क्लिपने, जमिनीशी जोडलेला असला की काम झालं. गेट लगेच मरतं असंही नाही. अर्धवट दुखावलेलं गेट घेऊन बोर्ड वाघोलीला जातो, महिनाभर चालतो आणि परत येतो. मामांच्या जुन्या स्टेशनमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर होता, म्हणून त्यांच्या ढिगात हा दोष दिसत नव्हता.

पर्याय

काकांपुढे चार वाटा होत्या.

एक, नामांकित जपानी किंवा युरोपी स्टेशन लगेच घेणं. उष्णता भरून काढण्याचा वेग उत्तम, बिट टिकाऊ, पण किंमत स्वस्त संचाच्या कित्येक पट. आणि त्याचं अर्थही याच मुक्या सॉकेटमध्ये जाणार.

दोन, दोन्ही टेबलांना स्वस्त टी-१२. हे पोराला हवं होतं.

तीन, आहे त्याच स्टेशनवर बिट, फ्लक्स, प्रीहीटर (बोर्ड खालून तापवायचं यंत्र) आणि अर्थिंग सुधारून हंगाम काढणं.

चार, जड पॉवर बोर्ड बाहेर द्यायचे. यावर काकांनी नुसतं पाहिलं. त्यांची निम्मी कमाई त्याच बोर्डांची.

माझं मत तिसऱ्या वाटेचं होतं, आणि अर्थिंगशिवाय कुठलीही खरेदी नको यावर मी अडून होतो. मामांचं म्हणणं, "हात चांगला असला तर पंचवीस वॅटवरही होतं." साध्या रिमोटला, जुन्या टीव्हीला होतं हे खरं. तांब्याच्या जाड पट्टीला हाताची सफाई पुरत नाही.

शेवटी तिसरी वाट आणि पहिलीतला अर्धा भाग असा मेळ बसला: आधी सुधारणा, मग मोजून पाहायचं, आणि तरीही पॉवर बोर्ड अडले तर एकच चांगलं स्टेशन, तेही फक्त जड कामासाठी.

काय केलं

अर्थिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण त्यात तिसरा माणूस होता. जागा भाड्याची. मागच्या चौकात खड्डा घ्यायला घरमालक तयार होईनात, त्यांना पाया खचण्याची भीती. दरम्यान वायरमनने सोपा उपाय सुचवला: सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकू, मीटरला तेच दिसेल. काका जवळजवळ हो म्हणाले होते. हे कधीही करू नये. वरून येणारी न्यूट्रल कुठे तुटली तर स्टेशनचा पत्रा, बिट, टेबलावरचा प्रत्येक धातू २३० व्होल्टवर येतो. नळाला जोडायचाही विचार झाला. पण इमारतीच्या पाइपलाइनचा बराचसा भाग आता प्लास्टिकचा आहे, त्यामुळे तो तिथेच संपला.

घरमालक राजी होईपर्यंत तात्पुरती सोय अशी केली: स्टेशनच्या अर्थपासून एक वायर काढून क्रोकोडाइल क्लिपने बोर्डाच्या ग्राउंडला लावायची, आणि सोल्डरिंग चालू असताना बोर्डाला दुसरं काहीही जोडलेलं नसायचं. बिट आणि बोर्ड एकाच व्होल्टेजवर तरंगले तर गेटवर फरक पडत नाही. उपाय लंगडा आहे, माणसाच्या आठवणीवर चालतो, पण नंतर चौकात नीट अर्थिंग होऊन तार वर येईपर्यंत त्याने निभावलं. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला.

बिटांचं लवकर मार्गी लागलं. मामांना दोन रुंद चपटे, पोराला एक चपटा, एक सुरीच्या आकाराचा आणि बारीक कामाला एक वाकडा टोकदार. कानस आणि पॉलिश पेपर टेबलावरून उचलले. ओल्या स्पंजच्या जागी पितळी जाळीचा गोळा आला, म्हणजे प्रत्येक पुसण्याला बिट एकदम थंड होत नाही. काम संपलं की बिट पुसून कोरडा ठेवायचा नाही, ताज्या सोल्डरचा थेंब चढवून मगच बंद करायचा. कोटिंग आधी स्काल्पेलने खरवडायचं, लागेल तिथे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि बिट फक्त उघड्या धातूला. मामांच्या स्टेशनचा बिट आठवड्यातून एकदा थंड असताना काढून आतली खपली झटकायची, नट हाताने घट्ट. पकडीने आवळला तर सिरॅमिक हीटर तडकतो.

पॉवर मॉड्यूलसाठी एक छोटा प्रीहीटर घेतला. बोर्ड खालून शंभर अंशांच्या आसपास आणायचा, त्याहून जास्त नाही. कडेचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचे असतात आणि प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात.

पोराने बिस्मथवालं कमी तापमानाचं मिश्रधातूही सुचवलं. १३८ अंशांला वितळतं, पिना लोण्यासारख्या सुटतात. काढण्यापुरतं ते ठीक. पण ते मागे राहून शिसंवाल्या सोल्डरमध्ये मिसळलं, तर ९६ अंशांच्या जवळ वितळणारा भाग तयार होऊ शकतो. भर मे महिन्यात गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमध्ये पॉवर मॉड्यूलच्या पिनेशी तेवढं तापमान अशक्य नाही. म्हणून पॉवर बोर्डांवर त्याला मनाई केली.

निकाल

मामांच्या टेबलावर पॅड उखडणं पूर्ण थांबलं नाही, पण ती रोजची गोष्ट राहिली नाही. बिट पावसाळ्यापर्यंत टिकले. अर्थिंग झाल्यावर पोराच्या टेबलावरून गेट मरून परत आलेला बोर्ड त्या हंगामात काकांना आठवत नाही. सप्टेंबरमध्ये काकांनी शेवटी एक चांगलं स्टेशन घेतलं, तेव्हा कुठले बिट लागतात हे त्यांना आधीच माहीत होतं.

एक अनपेक्षित गोष्टही घडली. अर्थिंग झाल्यावर काही दिवसांतच मामांच्या टेबलावर भडका उडून आरसीसीबी पडला. जुन्या सवयीने त्यांनी सप्लाय चालू असलेल्या बोर्डालाच बिट टेकवला होता. इन्व्हर्टर बोर्डाचं ग्राउंड थेट रेक्टिफायरमधून (येणारी वीज डीसी करणाऱ्या भागातून) मेन्सला बांधलेलं असतं. बिट तरंगत होता तोवर हे खपून गेलं, अर्थ झाल्यावर तो सरळ शॉर्ट. त्यानंतर नियम झाला: प्लग काढायचा, मोठ्या कपॅसिटरवर होल्डरमधला बल्ब लावायचा, मीटरवर व्होल्टेज उतरलेलं पाहायचं, मगच बिट. त्या कपॅसिटरवर सवातीनशे व्होल्ट उभे असतात, हे मामांना काही नवीन नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

टी-१२ आलं त्याच दिवशी सॉकेटचं अर्थ तपासलं असतं, तर एका हंगामाचे परत आलेले बोर्ड वाचले असते. प्लग टेस्टर स्वस्तात मिळतो, पण तोही न्यूट्रलला जोडलेलं खोटं अर्थ ओळखत नाही. त्यासाठी वायरमनकडून मीटररूमपर्यंतची तार डोळ्यांनी पाहून घ्यावी लागते.

अर्थिंग करताना चालू बोर्डावरच्या सोल्डरिंगचा नियम आधी ठरवायला हवा होता. भडका कुणाच्या डोळ्यापर्यंत गेला नाही, एवढंच.

वहीत कारागिराचा रकाना सुरू झाला आहे, पण परत आलेल्या बोर्डाचा दोष काय निघाला हे अजून कुणी लिहीत नाही. काका म्हणतात वेळ नाही. हंगामात ते खरंही आहे, ऑक्टोबरात ते कारण चालत नाही.

धुराचं काम अर्धवट आहे. खिडकीतला पंखा धूर बाहेर ढकलतो, पण मामा खिडकीकडे पाठ करून बसतात, त्यामुळे धूर आधी त्यांच्या नाकाशी येतो. टेबल फिरवायला सांगितलं आहे. मामांचं म्हणणं, तिथे उजेड चांगला आहे.